पायाची थरथर

लग्न झाल्यावर ह्यांनी मला पहिल्यांदा गाडीत बसवलं, तेव्हा मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं दिलं. कुणाकडे तरी पोचवायचं असेल असं समजून मी ते दोन्ही हातांनी सांभाळत बसले. गाडी गल्लीतून निघाली, चौकापर्यंत गेली, वळून परत आली आणि गॅरेजच्या दारात उभी राहिली. ह्यांनी वाकून पातेल्यात पाहिलं. "सांडलं नाही ना? मग ब्रेक झाले," म्हणाले, आणि ते पाणी दाराशेजारच्या झाडाला घालून पुढच्या कामाला लागले. गाडी गिऱ्हाइकाची होती. नव्या नवरीला ब्रेक तपासायचं यंत्र म्हणून वापरणारा नवरा आपल्याला मिळाला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं ती रीतच पडली. ब्रेकचं काम झालं की मला हाक यायची. हातातलं टाकून मी जायची आणि पातेलं घेऊन बसायची. ह्यांचं म्हणणं असं की, गाडी करकचून कुणीही थांबवतं. खरं काम शेवटच्या हातभर अंतरात आहे. गाडी आधी माणसाच्या चालीवर आली पाहिजे, मग मुंगीच्या, आणि मग ती कधी थांबली हे आत बसलेल्याला कळता कामा नये. पाणी सांडलं तर चाकं पुन्हा खोलायची. दोरीवर माझे कपडे अवेळी वाळताना दिसले की शेजारीण विचारायची, "काय हो, आज मिस्त्रींचं काही बिनसलं वाटतं?"

आमची लेक या सगळ्यात वाढली. लहान चणीची म्हणून तिला बारकी म्हणायला लागलो, आणि नाव तसंच राहिलं. ज्या दिवसांची मी गोष्ट सांगते आहे तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली, अंगानं माझ्या दुप्पट, गिऱ्हाइकांची ताई होती. पण घरात बारकीच. ह्यांनी काम थांबवलं तेव्हा गॅरेज तिनं हातात घेतलं. गाडी उचलणारी लिफ्ट आणली, कंप्युटर आणला. हे रोज सकाळी तिथं चहा प्यायला जायचे. चहा हे निमित्त, खरं म्हणजे खोड्या काढायला.

"आम्ही इंजिनला कान लावून रोग सांगायचो," हे स्टुलावर बसून म्हणायचे. "आता गाडीला वायर लावायची आणि विचारायचं, काय गं बाई, कुठं दुखतं?"

"आणि ती सांगते, बाबा," बारकी गाडीखालून उत्तर द्यायची. "तुमच्यासारखं पोटात ठेवत नाही."

ते मात्र खरं होतं. ह्यांच्या पोटातून काही काढायचं म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्यासारखं.

ह्यांना साखरेचा त्रास जुना. एका तपासणीत डॉक्टरीणबाईंनी ह्यांना डोळे मिटायला सांगितले, तळव्याला एक जाडसर दोरा टेकवला आणि विचारलं, "लागतंय का?"

"आधी लावा तर खरं," हे म्हणाले.

दोरा लावलेलाच होता. मला दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी तो दुसऱ्या जागी टेकवला, तिथं ह्यांना कळलं. मग त्या म्हणाल्या, तळव्याची जाणीव थोडी कमी होते आहे, फार नाही, घाबरायचं कारण नाही, पण पायांना जपा. घरी येताना गाडी ह्यांनीच चालवली. 

त्यानंतर मी पाहायची, हे न्हाणीघरात अनवाणी उभे आहेत आणि एकेक पाय गार फरशीवर दाबून बघताहेत. मी आल्याची चाहूल लागली की नळ सोडायचे.

थोड्याच दिवसांनी आम्ही दोघं भाजी घेऊन बारकीच्या गॅरेजवर गेलो. लख्ख ऊन होतं, अंगण कोरडं ठणठणीत. जागा अरुंद म्हणून बारकी समोर उभी राहून हातानं "या, या, या" करत गाडी आत घेत होती. तिच्या पाठीशी जुन्या तेलाचं पिंप होतं. गाडी ह्यांच्या त्या मुंगीच्या चालीवर आली. बारकीनं तळहात दाखवला. बस. ह्यांनी ब्रेक लावला, आणि गाडी थांबली नाही. पुढं कुठं तरी खर्रर्र असा आवाज झाला आणि गाडी घरंगळल्यासारखी सरकत राहिली. बारकीनं बाजूला उडी मारली. बंपर पिंपावर जाऊन आदळला, पिंप आडवं झालं आणि काळं तेल अंगणभर पसरलं.

"अहो बाबा, तुमच्या जावयाला सांगून तरी मारायचं मला!" ती हसत म्हणाली. मग तिनं ह्यांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं.

ह्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते. "पाय थरथरला," हे म्हणाले. "मी दाबत होतो. दाबत होतो, आणि तो थरथरत होता नुसता."

"होतं असं कधी कधी."

"तू समोर होतीस."

हे उतरले, किल्ली तिच्या कामाच्या टेबलावर ठेवली आणि चालत घरी निघाले. भाजीची पिशवी घेऊन मी त्यांच्या मागं. त्यांच्याबरोबर चालायला मला तेव्हाही धावावं लागायचं, पण त्या दिवशी मीच पुढं जात होते आणि थांबत होते.

त्यानंतर घरात एक पाहुणा राहायला आल्यासारखं झालं. हे वेळेवर उठायचे, समोर येईल ते खायचे, भांडायचे नाहीत. गॅरेजवर जाणं बंद. कुठं जायचं झालं तर भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर गुडघे जुळवून बसायचे आणि ड्रायव्हरनं कितीही धसमुसळेपणा केला तरी चकार शब्द काढायचे नाहीत. एरवी त्या माणसाला उतरवून स्वतः बसले असते. एकदा दुपारी मी खोलीत गेले तर हे पलंगाच्या काठावर, उजवा पाय मांडीवर घेऊन, दोन्ही हातांत धरून बसलेले.

"दुखतोय का?"

"दुखला असता तर बरं होतं," हे म्हणाले. "निदान आहे असं वाटलं असतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बारकी तिथं पिंप आणि गाडीच्या मध्ये सापडली असती गं."

मी त्यांच्याजवळ बसले. पण माझं डोकं दुसरीकडंच चाललं होतं. त्या आवाजानं माझा पिच्छा सोडला नव्हता. माणसाचा पाय थरथरला तर थरथरू दे बापडा. पण त्याचा आवाज बोनेटखालून कसा येईल?

दुसऱ्या दिवशी मी बारकीला गाठलं.

"गाडीत काही तरी बिघाड आहे," मी म्हटलं.

"आई, मी त्याच दिवशी बघितली. पॅड चांगले, डिस्क चांगल्या, ब्रेकचं तेल चांगलं. कंप्युटर लावला, एक दोष नाही. समोरचा दिवासुद्धा लागलेला नाही. रस्त्यावर नेऊन कितीदा ब्रेक मारले, खिळून उभी राहते गाडी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला काय आनंद होतोय का? पण तुला बाबांची बाजू घ्यायची सवय आहे."

"मग खर्रर्र कशाचं?"

"कसलं खर्रर्र?"

मी जीभ टाळूला लावून आवाज काढून दाखवला. हात पुसता पुसता ती थांबली. "पुन्हा काढ."

मी पुन्हा काढला. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकानं वर्तमानपत्र खाली करून आम्हा दोघींकडं पाहिलं.

"मला वाटलं तो पिंप घासल्याचा आवाज," बारकी म्हणाली. "पिंपाच्या आधी आला का गं?"

"आधी. पिंप तर नंतर लागलं."

"हा आवाज एबीएस करतो, आई." आणि तिनं मला समजावून सांगितलं. निसरड्या रस्त्यावर कुणी घाबरून ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी अडतं आणि गाडी घसरत जाते. ते टाळायला प्रत्येक चाकाशी एक सेन्सर असतो, चाक किती वेगानं फिरतंय ते तो कंप्युटरला कळवतो. चाक अडलं असं दिसलं की कंप्युटर ब्रेक क्षणभर सोडतो, धरतो, सोडतो, धरतो. तेव्हा खर्रर्र वाजतं आणि पायाखालचं पेडल थरथरतं. "पण ते पावसापाण्यात, जोरात असताना. कोरड्या अंगणात, मुंगीच्या चालीवर, तो कशाला जागा होईल?"

"आणि झाला तर?"

"झाला तर..." ती माझ्याकडं बघत राहिली. "पेडल थरथरेल. आणि गाडी पुढं जाईल."

गिऱ्हाइकाला थांबवून आम्ही दोघी गाडी घेऊन निघालो. बारकीनं पुन्हा पुन्हा ब्रेक लावून पाहिला. काही नाही. गाडी नुसती निमूटपणे उभी राहायची.

"तुझा ब्रेक म्हणजे दार आपटल्यासारखा," मी म्हटलं. "ह्यांच्यासारखा लाव. शेवटी शेवटी हळू."

"हळूच लावतेय."

"याला हळू म्हणत नाहीत. थांब." गॅरेजवर परत येऊन मी पातेलं भरून आणलं आणि मांडीवर घेऊन बसले. बारकी कपाळाला आठ्या घालून गाडी सावकाश आणायची, अगदी शेवटपर्यंत आणायची, आणि तिथं तिचा धीर सुटायचा. पाय पडायचा, पाणी माझ्या अंगावर. गुडघ्यापर्यंत भिजले मी. शेवटी तिनं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"माझ्याच्यानं नाही व्हायचं, आई."

"मग ज्याच्यानं होतं त्याला आण," मी म्हटलं.

संध्याकाळी ती घरी आली. हे खुर्चीत होते, ती त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली.

"बाबा, गाडीत दोष आहे असं वाटतंय. पण मी चालवली की तो लपतो. तुम्ही चालवली तरच बाहेर येईल."

"माझं सांत्वन करायला आलीस."

"सांत्वन करायचं असतं तर बिस्किटं आणली असती."

"बारके, मी आता त्या सीटवर बसणार नाही."

"मी समोर नसेन. मागं बसेन, कंप्युटर घेऊन. गिरणीच्या मागच्या मोकळ्या आवारात जाऊ. समोर माणूस नाही, भिंत नाही, काही नाही."

"आणि दोष नाही निघाला तर?"

बारकीला खोटं बोलता येत नाही, ते ह्यांच्याकडूनच आलं आहे. "तर मग कळेल," ती म्हणाली.

 मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, आता हे नाहीच म्हणणार, आणि मग हा पाहुणा आमच्याकडं कायमचा राहणार. मग ह्यांनी खाली वाकून चपला ओढल्या. "उद्या सकाळी," म्हणाले.

गिरणीमागचं आवार मोकळंच होतं. बारकीनं गाडीच्या डॅशबोर्डखाली वायर जोडली आणि मागं जाऊन बसली. मी नेहमीप्रमाणे ह्यांच्या शेजारी. ह्यांनी गाडी सुरू केली, पण पाय उचलेनात.

"चला," मी म्हटलं. "सकाळच्या चहाची वेळ टळते आहे."

गाडी निघाली, आवाराच्या मध्यावर आली, माणसाच्या चालीवर, मग मुंगीच्या. ह्यांनी पाय टेकवला. आणि खर्रर्र! हे दचकले, पाय मागं घेतला, चेहरा पांढरा पडला. "बघ! बघ, थरथरला."

"पाय काढू नका!" बारकी मागून ओरडली. "पुन्हा. बाबा, पुन्हा, तस्संच."

ह्यांनी पुन्हा केलं. पुन्हा खर्रर्र. बारकीनं दोन सीटमधून पुढं वाकून कंप्युटर ह्यांच्या समोर धरला. त्याच्यावर चार चाकांचे चार आकडे होते.

"हे बघा. तीन चाकं म्हणतात, आम्ही चालतोय. पुढचं डावं म्हणतं, मी थांबलो. चालतंय, पण म्हणतं थांबलो. खोटं बोलतंय ते. कंप्युटरला वाटतं चाक अडलं, गाडी घसरली. म्हणून तो ब्रेक सोडतो. तुम्ही दाबताय आणि तो सोडतोय."

हे चष्मा कपाळावर चढवून आकड्यांकडं बघत होते. "मी हे आधीच का नाही पकडलं?" ते पुटपुटले. "एबीएस मला काय नवीन आहे? पण या चालीवर... कोरड्यात..."

"माझ्याकडं दिवसातून चार गाड्या येतात, बाबा, मलाही नाही सुचलं. आणि तुमच्या डोक्यात तो दोरा होता."

"वेग वाढला की खोटं बोलतं का?"

"नाही. जोरात असताना नीट चालतं. अगदी हळू झालं की चुकतं. म्हणून दिवा लागत नाही, आणि मी ब्रेक मारते तेव्हा ती वेळ येतच नाही. तुम्ही तिथं रेंगाळता."

"रेंगाळतो काय? त्याला ब्रेक लावणं म्हणतात," हे म्हणाले. किती दिवसांनी ह्यांच्या आवाजात तो ताठा ऐकला मी. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. "सेन्सर मळला असेल. चल, चाक खोल."

गॅरेजमध्ये गाडी वर चढवली. हे स्टुलावर बसले ते पाहुण्यासारखे नव्हे. बारकीनं सेन्सर काढून पुसला, परत लावला, चाक हातानं हळूहळू फिरवलं. आकडा मध्येच शून्य.

"वायर हलवून बघ. स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की ताणत असेल."

"बघितलं. वायर चांगली आहे."

"मग डावा सेन्सर उजवीकडं लाव, उजवा डावीकडं."

तिनं अदलाबदल केली. खोटं बोलणारं चाक डावंच राहिलं.

"म्हणजे सेन्सर बिचारा खरं बोलतोय," हे म्हणाले. "तो ज्याच्याकडं बघतो, ते बिघडलंय."

सेन्सर बघतो ते चाकाच्या हबमध्ये, म्हणजे ज्यावर चाक फिरतं त्या बेअरिंगच्या कडेला बसवलेल्या एका काळ्या कड्याकडं. बारकीनं हब उतरवून हातात घेतला आणि उलटसुलट पाहिला. "हा नवा आहे. कुणी बदलला?"

हे भिंतीवरच्या पान्यांकडं बघायला लागले. "आधीचं बेअरिंग गुणगुणत होतं. बदलला मी, घरी, मागच्या शेडमध्ये."

"मला न सांगता?"

"तू म्हणाली असतीस, राहू द्या बाबा, मी करते."

 बारकीनं हब टेबलावर ठेवला, कड्यावर पातळ कागद अंथरला आणि ग्राइंडरखाली साठलेला लोखंडाचा बारीक भुसा चिमटीनं त्याच्यावर भुरभुरला. कागदाला हलकी टिचकी मारली आणि भुसा आपोआप रेघांमध्ये उभा राहिला. फणीच्या दातांसारख्या सारख्या रेघा, गोल फिरत गेलेल्या.

"पूर्वी इथं लोखंडी दाते असायचे," ती मला म्हणाली. "आता या काळ्या कड्यातच बारीक बारीक चुंबकं भरलेली असतात. ती मोजून सेन्सर वेग सांगतो."

मग तिनं बोट एका जागी नेलं. तिथं फणीचे दात नव्हते. भुसा नुसता विस्कटून पसरला होता, कुणी बोट फिरवून पुसल्यासारखा.

"कशानं होतं असं?" ह्यांनी विचारलं.

"काही तरी आदळलं तर. नाही तर जवळ मोठं चुंबक आलं तर."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी ह्यांच्याकडं. आमच्या शेडच्या भिंतीवर एका जुन्या लाउडस्पीकरचं वाटोळं चुंबक ठोकलेलं आहे. ह्यांच्या हातातली लोखंडाची प्रत्येक वस्तू, स्क्रू असो की पाना, तिथं चिकटवली जाते. पार्ट जमिनीवर ठेवला की त्यात माती जाते आणि तो हरवतो, हा ह्यांचा कायदा. बारकी लहान असताना तो मोडल्याबद्दल तिच्या पाठीत धपाटेही बसले आहेत. मी शेड झाडायला गेले होते तेव्हा तो नवा चकचकीत हब त्या चुंबकाला लटकलेला पाहिला होता. शर्यत जिंकून पदक मिळवल्यासारखा. पुढं किती तरी दिवस तो तिथंच होता, ह्यांना कामाला हात घालायला वेळ लागला म्हणून.

"भिंतीला लावला होता मी तो," हे हळू म्हणाले. "लाउडस्पीकरच्या चुंबकाला. खाली ठेवू नये म्हणून."

बारकी हसायलाच लागली. टेबलाला धरून हसत होती. डोळे बाहीनं पुसले तर गालभर ग्रीस.

"हसण्यासारखं काय आहे त्यात? आमच्या वेळी बेअरिंगला चुंबकाचं वावडं नव्हतं!"

"नाही हो, नव्हतं," ती कशीबशी म्हणाली.

हे मात्र हसले नाहीत. कागदावरच्या त्या पुसल्या जागेकडं बघत म्हणाले, "म्हणजे तुला मारत होतो तो मीच. माझ्याच हातानं."

बारकीनं हसणं थांबवलं. ती त्यांच्या स्टुलासमोर खाली बसली, त्यांचा उजवा पाय चपलेसकट दोन्ही हातांत धरला. "हातानं झालं, बाबा. हाताची चूक मला दुरुस्त करता येते. नवा हब दुपारपर्यंत येईल. पायाची असती तर मी काय केलं असतं?"

ह्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केसांत वंगण लागलं तिच्या, पण तिचे केस असेही कुठं स्वच्छ असतात.

नवा हब आला तो तिनं खोक्यातून काढला आणि सरळ जागेवर बसवला. मध्ये कुठंही ठेवला नाही. आम्ही पुन्हा गिरणीमागं गेलो. गाडी मुंगीच्या चालीवर आली, आणि कधी थांबली ते मला समजलं नाही. ह्यांनी पुन्हा केलं, परत परत केलं. आवाज नाही, थरथर नाही. मी म्हटलं, झालं, आता घरी जाऊ. ह्यांनी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून मागं बारकीपुढं धरली.

"गाडी बरी झाली," हे म्हणाले. "पण दोरा लावलेला मला कळला नव्हता, तेही खरंच आहे. गाडीचा दोष निघाला म्हणून पायाला सोडून कसं द्यायचं? त्यालाही तपासायला नको?"

मला राग आला. इतकं सगळं झाल्यावर पुन्हा तेच! पण बारकी रागावली नाही. तिनं किल्ली घेतली नाही आणि सांत्वनही केलं नाही. जरा विचार केला आणि म्हणाली, "तपासू. ब्रेकच्या तेलावर किती दाब येतो ते कंप्युटरला कळतं. म्हणजे पाय कसा पडतो ते कळतं. आणखी एकदा थांबवा गाडी."

ह्यांनी थांबवली. बारकीनं कंप्युटर पुढं दिला. काळ्या पडद्यावर एक हिरवी रेघ उमटली होती. ती सावकाश चढत होती, वर जराशी टेकत होती आणि तितक्याच सावकाश उतरत होती, लांबून दिसणाऱ्या टेकडीसारखी. तिला कुठं दाता नव्हता, खाच नव्हती.

"हा तुमचा पाय," बारकी म्हणाली.

हे बघत राहिले. पन्नास वर्षं ज्या पायावर माणसानं पोट भरलं, तो त्याला पहिल्यांदाच दिसत होता. बोट पुढं करून ह्यांनी ती रेघ चढापासून उतारापर्यंत गिरवली.

"आता तुझा दाखव," म्हणाले.

जागा बदलून बारकीनं गाडी थांबवली. तिची रेघ सरळ वर गेली आणि सरळ खाली आली.

"ही काय भिंत बांधलीयस?" हे म्हणाले. "आणि लोक हिला पैसे देतात!"

"तुमच्याकडंच शिकले."

"माझं नाव सांगू नकोस कुणाला."

मग पडद्यावरची नजर न काढता, ह्यांनी विचारलं, "बारके, ज्या दिवशी माझी रेघ बिघडेल त्या दिवशी तू सांगशील?"

"सांगेन."

"तूच सांग. हिच्यावर माझा भरवसा नाही. माझी रेघ साप झाली तरी ही म्हणेल, काय सुंदर वळणं आहेत."

 खरंच म्हटलं असतं मी.

घरी येताना ह्यांनी गाडी चालवली. त्या संध्याकाळी भाजीत मीठ कमी आहे म्हणून आमचं भांडण झालं. पाहुणा गेला होता. शेडमधलं चुंबक ह्यांनी काढलं नाही, पण त्याच्याखाली खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं: बेअरिंग नको.

पुढची काही वर्षं हे अधूनमधून "ऑइल बघून घे गं" म्हणत गॅरेजवर गाडी न्यायचे आणि बारकी न बोलता वायर जोडायची. ऑइल कुणीच बघायचं नाही. टेकडी तशीच असायची. मग एका सकाळी गाडी थांबली आणि बारकीनं कंप्युटर पुढं दिला नाही. मागच्या सीटवर ती तो मांडीवर घेऊन बसून राहिली.

"दाखव," हे म्हणाले.

तिनं दाखवला. टेकडीला पायऱ्या पडल्या होत्या. फार मोठ्या नव्हत्या, पण होत्या. मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी हात करून मला गप्प केलं. त्यांनी कुरकुर केली नाही की उसासा टाकला नाही. दार उघडून खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आले.

"ऊठ," म्हणाले. "ही जागा आता माझी."

"मग मी कुठं बसू?"

"मागं. इतकी वर्षं पुढं बसून रस्त्यावर नजर ठेवलीस, आता आराम कर."

बारकी पुढं जाऊन बसली आणि मी मागं. इतक्या वर्षांच्या संसारात गाडीतून ह्यांच्या डोक्याची मागची बाजू मला पहिल्यांदा दिसली. कॉलरवर केस वाढले होते, पांढरे, पिसासारखे मऊ, एका बाजूला जास्त. समोरून कधी लक्षात आलं नव्हतं.

"अहो, केस कापायला झालेत तुमचे," मी म्हटलं.

"हो का? जाईन उद्या."  इतके दिवस जाईन म्हटलं की ते जायचेच. आता जायचं कसं, हा विचार त्यांच्या मानेत मला दिसला.

"दहाला तयार राहा, बाबा," बारकी पुढं बघत म्हणाली. "मी येते न्यायला."

"साडेनऊला ये. त्याच्याकडं गर्दी होते," हे म्हणाले, आणि पट्टा ओढून लावला.